देणगीतून मिळालेली शिष्यवृत्ती: किती मिळाली यापेक्षा किती उरलं ते मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे, एका देणगीदाराच्या नावाची शिष्यवृत्तीही मंजूर झाली आहे आणि पत्रात "फीच्या ४० टक्के" असं लिहिलंय. घरात आनंद आहे, पण वडील विचारतात, उरलेलं कुठून आणायचं आणि पुढच्या वर्षीही हे मिळेल याची खात्री काय. तुम्हाला जाणून घ्यायचंय की अशा शिष्यवृत्त्यांमुळे शिक्षण खरोखर परवडतं का, की देणगीदाराचं नाव होतं आणि घरावरचा भार जिथल्या तिथे राहतो.

मी सतरा वर्षं शिष्यवृत्ती कार्यालयात काम केलं. सुरुवातीला अर्ज तपासायचे, नंतर देणगीदारांसोबत बसून निधीच्या अटी लिहायचे. अनुभवावरून सांगते: हो, परवडतं. काहींच्या बाबतीत तर अख्ख्या घराची दिशा बदलते. मात्र ते शिष्यवृत्तीच्या आकड्यावर ठरत नाही. सगळी मदत वजा करून जे उरतं ते घराला पेलवतं का, आणि अभ्यासक्रम संपेपर्यंत पेलवत राहतं का, यावर ठरतं. म्हणून तुमच्या वडिलांचा प्रश्न मला जास्त नेमका वाटला.

आधी हिशोब मांडू. वर्षाचा एकूण खर्च १०० धरा. त्यात फी ५५ आणि बाकीचे ४५ राहणं, जेवणखाण, पुस्तकं, प्रवास यांचे. हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे वेगळे असतील. आता फीच्या ४० टक्के म्हणजे २२. पत्र वाचताना डोक्यात ४० बसतं, प्रत्यक्षात भार २२ ने हलका होतो आणि ७८ उरतात. पत्रात खोटं काही नाही. पण घराने "जवळजवळ निम्मं सुटलं" असं धरून पुढचे निर्णय घेतले, तर दुसऱ्या सत्रात गाडी अडते. हा गैरसमज मी दरवर्षी पाहिलाय. शिकलेल्या, हिशोबी घरांतही. त्यामुळे पहिली गोष्ट म्हणजे एका कागदावर एकूण खर्च लिहा, फी नव्हे. त्यातून खात्रीची मदत वजा करा. "मिळण्याची शक्यता" असलेली मदत या कागदावर आणू नका.

एक संध्याकाळ अजून विसरता येत नाही. फी भरण्याचा शेवटचा दिवस होता. खिडकीशी एक मुलगी आली. हातात मंजुरीपत्र, चार घड्या घातलेलं, घड्यांवर फाटायला आलेलं. तिला तीन ठिकाणची मदत मिळाली होती, सगळं मिळून त्या सत्राच्या १०० पैकी ९४ भागत होते. कमी पडत होते सहा. आमच्याकडे पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यांसाठी मोठमोठे निधी होते, पण या सहासाठी एकही नव्हता. प्रत्येक निधीची अट मी पुन्हा वाचली. एकातही ती बसेना. नियमाप्रमाणे तिचं नाव त्या सत्रातून कमी झालं. ती पुढच्या वर्षी परत आली, पण अशी गेलेली सगळी मुलं परत येत नाहीत.

या शेवटच्या सहाकडे गंभीरपणे पाहणारी एक जागा म्हणजे अमेरिकेतलं जॉर्जिया स्टेट विद्यापीठ. थोड्याशा थकबाकीमुळे नाव कमी होण्याच्या बेतात असलेल्या विद्यार्थ्यांना ते २०११ पासून छोटी अनुदानं देतात. सरासरी रक्कम साधारण ९०० डॉलर, म्हणजे तिथल्या वर्षभराच्या खर्चाच्या मानाने किरकोळ. विशेष म्हणजे विद्यार्थ्याला अर्जही करावा लागत नाही. कोण अडकतंय हे विद्यापीठच आपल्या नोंदींवरून शोधतं आणि पैसे खात्यात जमा करतं. देणगीदार मला विचारत, "माझी रक्कम लहान आहे, तिने काय होणार?" तेव्हा मी त्यांना हेच उदाहरण द्यायचे.

आता "पुढच्या वर्षीही मिळेल का" याकडे येऊ. याचं उत्तर पैसा कुठून येतो त्यावर आहे.

काही देणगीदार चालू निधी देतात. यंदा इतके पैसे, यंदाच वाटा. काही कायम निधी उभारतात. त्यात मूळ रक्कम गुंतवलेली राहते आणि तिच्या उत्पन्नातून दरवर्षी शिष्यवृत्ती निघते. बरीच विद्यापीठं निधीच्या गेल्या काही वर्षांतल्या सरासरी मूल्याच्या ४ ते ५ टक्के एवढंच वर्षाला खर्च करतात, म्हणजे एखाद्या वर्षी बाजार पडला तरी शिष्यवृत्ती एकदम कोसळत नाही. याची दुसरी बाजू अशी की निधी मोठा दिसला तरी त्यातून दरवर्षी थोडंच येतं. ओसिओला मॅकार्टी या बाई अमेरिकेतल्या मिसिसिपीत आयुष्यभर लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करून देत. शाळा सहावीतच सुटलेली. १९९५ मध्ये त्यांनी साठवलेले दीड लाख डॉलर सदर्न मिसिसिपी विद्यापीठाला शिष्यवृत्तीसाठी देण्याचं जाहीर केलं. साडेचार टक्क्यांनी धरलं तर एवढ्या रकमेतून वर्षाला पावणेसात हजार डॉलर येतात. म्हणजे एखाद्या विद्यार्थ्याचा मोठा भार उचलता येतो किंवा चार-पाच जणांना टेकू देता येतो, आणि हे पिढ्यानपिढ्या चालतं. कायम निधीचं बळ त्याच्या सातत्यात आहे.

पण "कायम" या शब्दावर डोळे मिटून विसंबू नका. २००८ च्या मंदीत अनेक नव्या निधींचं मूल्य मूळ देणगीच्याही खाली गेलं आणि काही ठिकाणी वाटप थांबवावं लागलं. न्यूयॉर्कच्या कूपर युनियन या महाविद्यालयाने शंभराहून अधिक वर्षं आपल्या प्रत्येक पदवी विद्यार्थ्याला पूर्ण फीची शिष्यवृत्ती दिली, तरी आर्थिक ताणामुळे २०१४ पासून त्यांना फी घ्यावी लागली. पूर्ववत होण्यासाठी त्यांनी २०१८ मध्ये दहा वर्षांची योजना आखली. इतक्या जुन्या, नावाजलेल्या संस्थेवर ही वेळ आली. तेव्हा तुमची शिष्यवृत्ती चालू निधीतून आहे की कायम निधीतून, हे कार्यालयाला विचारायला बिचकू नका. प्रश्न उद्धट अजिबात नाही. आम्हाला तो विचारणारे विद्यार्थी आवडायचे.

निधी टिकला तरी तुमचं नाव त्यावर टिकेल का, हा वेगळा मुद्दा. नूतनीकरणाच्या अटी मंजुरीपत्राच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात असतात. किती गुण हवेत, प्रत्येक सत्रात किती विषय घ्यायचे, मध्ये आजारपणामुळे सत्र सुटलं तर काय. पहिल्या वर्षी बहुतेकांचे गुण घसरतात. नवी जागा, नवी शिकवण्याची पद्धत, कधी नवी भाषा. ज्याची शिष्यवृत्ती गुणांवर टांगलेली असते त्याला नेमका त्याच वेळी फटका बसतो, आणि फटका बसला की तो नोकरीचे तास वाढवतो, तास वाढले की गुण आणखी उतरतात. म्हणून अटी लिहिताना मी देणगीदारांकडे एक सवलत मागून घ्यायचे: गुण कमी पडले तर एक सत्र सावरायला द्या, लगेच काढून घेऊ नका. बहुतेकांनी मान्य केलं. तुमच्या पत्रात अशी सवलत आहे का ते बघा. नसेल तर पहिल्या वर्षी सगळे अवघड विषय एकाच सत्रात घेऊ नका.

मुदतीचं महत्त्व समजायला डॉ. आंबेडकरांचं शिक्षण बघा. १९१३ मध्ये ते सयाजीराव महाराजांच्या बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांवर, कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या पैशाने जगातल्या उत्तम विद्यापीठाचं दार उघडलं. पण पुढे लंडनमध्ये अभ्यास सुरू असताना मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना तो अर्धवट सोडून परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी उसने दिले, तेव्हा १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. एवढी बुद्धिमत्ता आणि एवढी जिद्द असूनही मधली तीन वर्षं गेली, कारण शिष्यवृत्तीची मुदत आणि अभ्यासाची मुदत जुळत नव्हती. प्रत्येकाला नंतर असा मित्र आणि असा राजा भेटेलच असं नाही. तुमचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि मंजुरी तीन वर्षांची असेल, तर चौथ्या वर्षाची सोय आजच कागदावर लिहा.

इथवरचं एका ओळीत: एकूण खर्चातून खात्रीची मदत वजा करा, पैसा कुठल्या निधीतून येतो ते विचारा, आणि अटी व मुदत अभ्यासक्रमाशी ताडून बघा.

आता एक गोष्ट, जी कार्यालयं आपणहून सांगत नाहीत. बाहेरून एखादी शिष्यवृत्ती मिळाली की काही विद्यापीठं स्वतः देत असलेली मदत तेवढ्याने कमी करतात. देणगीदाराला वाटतं आपण विद्यार्थ्याला दिलं, विद्यार्थ्याला वाटतं आपल्याला मिळालं, आणि उरलेला आकडा मात्र जिथे होता तिथेच. विद्यापीठाचं म्हणणं अगदीच चुकीचं नसतं: एकाची गरज भागली तर वाचलेले पैसे दुसऱ्याला देता येतात. पण ज्याने रात्री जागून दहा अर्ज लिहिले, त्याच्या वाट्याला काहीच वाढीव येत नाही. हे मला पहिल्यापासून खटकलं आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने २०१७ मध्ये सार्वजनिक विद्यापीठांच्या अशा कपातीला कायद्याने लगाम घातला, म्हणजे हे दुखणं किती पसरलेलं आहे ते लक्षात घ्या. तुम्हाला आणखी कुठून मदत मिळणार असेल तर आधी लेखी विचारा: "बाहेरची शिष्यवृत्ती आली तर माझी सध्याची मदत कमी होईल का? होणार असेल तर आधी कर्जाचा भाग कमी कराल की अनुदानाचा?" कर्जाचा भाग आधी कमी करत असतील, तर बाहेरची शिष्यवृत्ती नक्की घ्या. अनेक ठिकाणी हा पर्याय मागितल्यावरच मिळतो.

देणगीने खरंच फरक पडतो का, याला अनुभवापलीकडे पुरावाही आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्कात सुझन थॉम्पसन बफे फाउंडेशन नावाची देणगी संस्था कमी उत्पन्नाच्या घरांतल्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देते. अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासासाठी त्यांनी काही वर्षं पात्र अर्जदारांपैकी काहींची निवड सोडतीने केली, म्हणजे मिळालेल्यांची आणि न मिळालेल्यांची तुलना निखळ करता यावी. चार वर्षांच्या पदवी महाविद्यालयांत जाऊ इच्छिणाऱ्यांत पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण शिष्यवृत्तीमुळे सुमारे ८ टक्के अंकांनी वाढलं. ज्यांच्या घरात आधी कुणी महाविद्यालयात गेलं नव्हतं किंवा ज्यांची तयारी कच्ची होती, अशांत परिणाम जास्त दिसला. जे कसंही करून शिकलेच असते, त्यांचं कर्ज हलकं झालं, पण पदवीच्या निकालात तितका फरक पडला नाही. देणगीदारांसमोर मी हा निष्कर्ष ठेवायचे तेव्हा खोलीत थोडा वेळ शांतता असायची, कारण बहुतेकांना पहिला क्रमांक पटकावणाऱ्यालाच बक्षीस द्यायचं असतं. ती भावना मी समजू शकते. पण शिक्षण परवडावं हा हेतू असेल तर पैसा काठावरच्या मुलाकडे जायला हवा.

रकमेइतकीच खात्रीही काम करते, हे अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने दाखवलं. २०१५ मध्ये त्यांनी कमी उत्पन्नाच्या घरांतल्या हुशार विद्यार्थ्यांना घरी पत्रं पाठवली: प्रवेश मिळाला तर चारही वर्षांची फी माफ, मदतीसाठी वेगळे फॉर्म भरायची गरज नाही. यातल्या बहुतेकांना तशीही जवळपास तेवढी मदत मिळालीच असती. फरक इतकाच की एरवी ती प्रवेशानंतर, कागदपत्रांची छाननी होऊन कळली असती. पत्र मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी अर्ज केला, न मिळालेल्यांपैकी २६ टक्क्यांनी. प्रत्यक्ष प्रवेश घेणारे २७ टक्के, विरुद्ध १२. पैसे तेच, फक्त आधी आणि स्पष्ट शब्दांत सांगितले. ज्या घरात प्रत्येक खर्च आधी ठरवावा लागतो, तिथे "बहुतेक मिळेल" हे उत्तर "नाही" सारखंच ऐकू येतं.

याच कारणाने शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या मदतीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. २०१९ मध्ये उद्योगपती रॉबर्ट एफ. स्मिथ यांनी अमेरिकेतल्या मोअरहाऊस कॉलेजच्या पदवीदान समारंभात त्या वर्षीच्या पूर्ण तुकडीचं कर्ज फेडण्याची घोषणा केली. सुमारे ४०० विद्यार्थी, रक्कम ३.४ कोटी डॉलर, आणि त्यात पालकांनी काढलेली कर्जंही होती. त्या मुलांच्या डोक्यावरून केवढं ओझं उतरलं असेल! पण कर्जाच्या धास्तीने जी मुलं दुसऱ्या वर्षीच निघून गेली, ती त्या समारंभात नव्हती. त्यांच्यासाठी मदत पहिल्या दिवशी माहीत असावी लागते. उलट, २०२४ मध्ये रूथ गॉट्समन यांनी न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयाला १०० कोटी डॉलर दिले ते सगळ्यांची फी कायमची माफ व्हावी म्हणून. तिथे येणाऱ्या विद्यार्थ्याला अर्ज भरतानाच हे ठाऊक असतं. तरी राहण्याखाण्याचा खर्च त्याचा त्यालाच करावा लागतो, हेही ध्यानात ठेवा.

अटींबद्दल थोडं, कारण तुम्हाला त्याचा उपयोग होऊ शकतो. एका विद्यापीठात मी असा निधी पाहिला ज्यातला पैसा सलग सहा वर्षं वाटलाच गेला नाही. ठरावीक शाखा, ठरावीक खेळ, ठरावीक गुण, सगळं एकाच विद्यार्थ्यात हवं होतं. देणगीदार गृहस्थ मनाने अत्यंत चांगले. त्यांना आपल्या दिवंगत भावासारखाच कुणीतरी मुलगा शोधायचा होता. आम्ही त्यांच्यासोबत बसलो, सहा वर्षांचा जमाखर्च त्यांच्यापुढे ठेवला. ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "खेळाची अट काढा. तो हरला तरी खेळायचा." पुढच्याच वर्षी तीन जणांना पैसे मिळाले. देणगीदार हयात नसला तर मात्र हे सोपं नसतं. सेसिल ऱ्होड्स यांच्या मृत्युपत्रातून सुरू झालेल्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीचे पहिले विद्यार्थी १९०३ मध्ये ऑक्सफर्डला आले, पण त्या मृत्युपत्रात ती फक्त पुरुषांसाठी होती. कायद्याचा आधार घेऊन अट बदलली आणि पहिल्या विद्यार्थिनी पोहोचल्या १९७७ मध्ये. तुमच्यासाठी यातलं कामाचं एवढंच: विचित्र, अरुंद अटींच्या शिष्यवृत्त्यांना अर्ज कमी येतात. तुमच्या विद्यापीठाची पूर्ण यादी मागवा आणि जिथे आपण बसत नाही असं वाटतं तिथेही विचारून बघा.

आणखी एक बारकावा. काही देणगी संस्था कर्जरूपाने शिष्यवृत्ती देतात. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी उच्च शिक्षणासाठी जो निधी उभारला तो असाच आहे. घेणाऱ्याने परत करायचं, म्हणजे तोच पैसा पुढच्याला मिळतो. पद्धत चांगली आहे, पण तुमच्या हिशोबात ती रक्कम मदतीत नाही, कर्जात लिहा.

मग तुम्ही आता काय करावं? हे बरंचसं तुमच्या अभ्यासक्रमावर, शहरावर आणि घरच्या परिस्थितीवर आहे, म्हणून "घ्या" किंवा "सोडा" असं मी इथून सांगणार नाही. या आठवड्यात कार्यालयाला एक साधं पत्र लिहा. त्यात पाच गोष्टी विचारा: फी वाढली तर ४० टक्के वाढीव फीवर धरणार की रक्कम गोठलेली, किती वर्षांसाठी मंजूर, गुण घसरले तर सावरायला मुदत आहे का, बाहेरची मदत आली तर कपात होते का, आणि पैसे फी भरण्याच्या तारखेआधी जमा होतात की आधी आपण भरून मग परत मिळतात. हा शेवटचा प्रश्न मुलं विसरतात आणि मग पालक चार महिन्यांसाठी व्याजाने पैसे काढतात. उत्तरं लेखीच मागा. खिडकीवरचा माणूस बदलला की तोंडी शब्द हवेत विरतो.

घरची परिस्थिती अर्जानंतर बदलली असेल, नोकरी गेली, आजारपण आलं, तर त्याचे कागद जोडून फेरविचाराची विनंतीही त्याच पत्रात करा. आमच्याकडे असे अर्ज फार कमी यायचे, आणि जे यायचे त्यांतल्या बऱ्याच जणांना काही ना काही वाढवून देता आलं, कारण कुणीतरी प्रवेश रद्द केल्यामुळे सुटलेली रक्कम त्याच काळात हाताशी असायची. म्हणून उशीर करू नका.

उत्तरं आली की वडिलांना सोबत घेऊन अभ्यासक्रमाच्या प्रत्येक वर्षाचा वेगळा रकाना आखा आणि प्रत्येकाच्या तळाशी उरणारा आकडा लिहा. तो आकडा मला कळवा. कर्ज काढायचं का आणि किती, हे आपण त्यावरून बघू.